प्राध्यापकपद आणि क्रीडांगण : एमॉस अलोन्झो स्टॅग यांची शिकागो विद्यापीठातील चार दशके (१८९२–१९३२)

महाविद्यालयातील क्रीडाप्रशिक्षकाचे स्थान अध्यापकवर्गात असावे की त्याच्या बाहेर, हा प्रश्न आपल्याकडे प्रामुख्याने वेतनश्रेणी व सेवाशर्ती यांच्या संदर्भात चर्चिला जातो. अमेरिकेत तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निराळ्या स्वरूपात उपस्थित झाला. तेथील वाद वेतनाचा नव्हता, सत्तेचा होता. हजारो प्रेक्षक, तिकिटांचे उत्पन्न आणि माजी विद्यार्थ्यांचा उत्साह यांनी वेढलेल्या क्रीडांगणावर विद्यापीठातील कोणाचा अधिकार चालावा, हा त्या वादाचा गाभा होता. या प्रश्नाला शिकागो विद्यापीठाने १८९२ मध्ये दिलेले उत्तर म्हणजे एमॉस अलोन्झो स्टॅग यांची नेमणूक. अमेरिकेच्या क्रीडा-इतिहासात स्टॅग यांचे नाव विजयांच्या संख्येसाठी घेतले जाते. प्रस्तुत लेखात त्यांच्या चरित्राचा विचार मुख्यतः त्यांच्या पदाच्या अनुषंगाने केला आहे.

ज्या फुटबॉलविषयी येथे लिहावयाचे आहे तो आपल्या परिचयाचा पायाने खेळावयाचा फुटबॉल नव्हे, हे आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक आहे. रग्बीपासून विकसित झालेला, चेंडू हातात घेऊन धावण्याचा व प्रतिस्पर्ध्याला अंगावर घेऊन पाडण्याचा तो खेळ आहे. १८८० च्या दशकात येल विद्यापीठाचे वॉल्टर कॅम्प यांनी त्याच्या नियमांना जे वळण दिले, त्यातून आजचा अमेरिकन फुटबॉल घडला. त्या काळी महाविद्यालयीन खेळांची व्यवस्था विद्यार्थीच पाहत. संघनायक खेळाडू निवडी, व्यवस्थापक वर्गणी गोळा करी आणि एखादा माजी खेळाडू हौसेने मार्गदर्शन करी. खुद्द कॅम्प यांची उपजीविका न्यू हेवन येथील घड्याळांच्या कंपनीतील नोकरीवर चाले. येलच्या संघाला ते सल्ला देत, परंतु अध्यापक म्हणून नव्हे. सामने जसजसे लोकप्रिय होऊ लागले तसतसे एका हंगामापुरते पैसे घेऊन येणारे प्रशिक्षक दिसू लागले. हंगाम संपला की ते निघून जात; त्यांच्या वर्तनाची जबाबदारी विद्यापीठावर नसे आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणाची जबाबदारी त्यांच्यावर नसे.

येल आणि स्प्रिंगफील्ड

स्टॅग यांचा जन्म १६ ऑगस्ट १८६२ रोजी न्यू जर्सी राज्यातील वेस्ट ऑरेंज येथे झाला. वडील पादत्राणे शिवण्याचा व दुरुस्तीचा व्यवसाय करीत. घरची परिस्थिती हलाखीची होती. फिलिप्स एक्झिटर अकॅडमीत व नंतर येलमध्ये त्यांनी अत्यंत काटकसरीने शिक्षण घेतले. धर्मोपदेशक होण्याची त्यांची आकांक्षा होती. येलमध्ये मात्र ते प्रथम बेसबॉलचे गोलंदाज म्हणून प्रसिद्धीस आले. व्यावसायिक संघांकडून आलेली आमंत्रणे त्यांनी नाकारली. गरिबीतून आलेल्या तरुणाने पैशासाठी खेळण्यास नकार द्यावा, यात त्या काळातील हौशी खेळाच्या आदर्शाचा प्रभाव जितका आहे तितकाच धर्मनिष्ठेचाही आहे. १८८८ च्या ज्या येल संघाने तेरा सामन्यांत ६९८ गुण मिळविले आणि एकही गुण गमावला नाही, त्या संघात स्टॅग होते. १८८९ मध्ये प्रथमच निवडण्यात आलेल्या अखिल अमेरिकन संघातही त्यांचा समावेश झाला.

पदवीनंतर त्यांनी येलच्याच धर्मशास्त्र विद्यालयात प्रवेश घेतला, पण व्यासपीठावरून बोलणे आपल्याला साधत नाही हे त्यांना लवकरच जाणवले. उपदेश जिभेने करण्याऐवजी मैदानावरून करावा, असा निर्णय घेऊन ते १८९० मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले. तेथे त्यांनी फुटबॉल संघ उभा केला. त्या संघात जेम्स नेस्मिथ हे खेळाडू होते. याच नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये बास्केटबॉलचा शोध लावला. ११ मार्च १८९२ रोजी बास्केटबॉलचा पहिला जाहीर सामना विद्यार्थी व शिक्षक यांच्यात झाला. विद्यार्थ्यांनी तो ५–१ असा जिंकला आणि शिक्षकांचा तो एकमेव गुण स्टॅग यांचा होता. शरीरशिक्षण हे चारित्र्यशिक्षणच होय, ही स्प्रिंगफील्डची धारणा होती. याच विद्यालयातून शिकून आलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० मध्ये मद्रास येथे वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षण विद्यालय स्थापन केले, हे भारतीय वाचकाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्याकडील शारीरिक शिक्षणाच्या औपचारिक प्रशिक्षणाचा एक प्रवाह अशा रीतीने त्या छोट्या विद्यालयापर्यंत जाऊन पोहोचतो.

हार्पर यांचा प्रस्ताव

येलमध्ये सेमिटिक भाषांचे अध्यापन करणारे विल्यम रेनी हार्पर हे स्टॅग यांचे शिक्षक होते. जॉन डी. रॉकफेलर यांच्या देणगीतून शिकागो येथे नवे विद्यापीठ स्थापन होत होते आणि त्याच्या अध्यक्षपदी हार्पर यांची निवड व्हावयाची होती. या विद्यापीठाचा क्रीडाविभाग उभारण्यासाठी त्यांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला बोलावले. स्टॅग यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात हा प्रसंग वर्णिला आहे. हार्पर यांनी प्रथम १,५०० डॉलर वार्षिक वेतन देऊ केले. स्टॅग विचारात पडून गप्प राहिले. हार्पर यांना तो नकार वाटला असावा. त्यांनी २,००० डॉलर व सहायक प्राध्यापकपद सांगितले. तरीही स्टॅग बोलेनात, तेव्हा प्रस्ताव २,५०० डॉलर आणि आजीवन नेमणुकीचे सहयोगी प्राध्यापकपद येथवर पोहोचला. वक्तृत्वाच्या अभावी धर्मोपदेशकाचा मार्ग सोडणाऱ्या माणसाचे मौन येथे असे फळाला आले.

या नेमणुकीचे महत्त्व वेतनापेक्षा पदनामात होते. शारीरिक संस्कृती व क्रीडा विभाग हा विद्यापीठाचा इतर विभागांसारखाच एक विभाग ठरला आणि त्याचा संचालक हा कायम स्वरूपाचा अध्यापक ठरला. क्रीडाप्रशिक्षकास अशा रीतीने अध्यापकाचा दर्जा व सेवेची शाश्वती देण्याचे हे अमेरिकेतील पहिलेच ठळक उदाहरण मानले जाते. एका सामन्यातील पराभवाने ज्याचे पद जाणार नाही असा प्रशिक्षक विजयासाठी गैरमार्गाचा अवलंब करणार नाही, हे त्यामागील गृहीतक होते. हार्पर यांचा हेतू केवळ नैतिक नव्हता, हेही खरे. नव्या विद्यापीठाला नाव मिळवावयाचे होते. ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांना कीर्ती मिळण्यास पिढी जावी लागते, विजयी संघाला एक हंगाम पुरतो. हार्पर हे जाणून होते. दोन्ही हेतू एकाच नेमणुकीत एकत्र आले होते आणि पुढील चाळीस वर्षांचा ताण त्यातूनच उद्भवला.

१ ऑक्टोबर १८९२ रोजी विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले. खेळाडू इतके अपुरे होते की पहिल्या हंगामात तीस वर्षांचे स्टॅग स्वतः संघातून खेळले. दोनच वर्षांनी, १८९४ च्या नाताळात, शिकागोचा संघ रेल्वेने थेट कॅलिफोर्नियापर्यंत जाऊन स्टॅनफर्डशी खेळला. त्याच वर्षी स्टॅग यांचा विवाह शिकागोची विद्यार्थिनी स्टेला रॉबर्टसन यांच्याशी झाला. स्टेला यांनी पुढे अनेक दशके सामन्यांची टिपणे ठेवली, प्रतिस्पर्धी संघांच्या खेळाचे आराखडे काढले. क्रीडा-इतिहासाने त्यांच्या या कामाची नोंद फारच तोकडी घेतली आहे.

मैदानावरील डावपेचांच्या बाबतीत स्टॅग यांच्या नावावर बरेच काही जमा आहे: पाडण्याच्या सरावासाठी पुतळा, डावापूर्वी खेळाडूंनी घोळका करून सल्लामसलत करण्याची पद्धत, चेंडू खेळात येण्यापूर्वी एका खेळाडूस हलते ठेवण्याची युक्ती, बेसबॉलच्या सरावासाठी जाळीचा पिंजरा. अशा शोधांच्या श्रेयाबाबत इतिहासकारांत एकमत नाही आणि त्या काळी अनेक प्रशिक्षक एकाच वेळी सारखे प्रयोग करीत होते, हे लक्षात घेता या यादीला फार महत्त्व देऊ नये. त्यांच्या शिस्तीविषयी मात्र दुमत नाही. ते मद्य घेत नसत, धूम्रपान करीत नसत, शिवी देत नसत. खेळाडूवर फारच राग आला तर ते त्याला गाढव म्हणत. अपराध गंभीर असल्यास दुप्पट गाढव.

१९०५ : विजय आणि चौकशी

पश्चिमेकडील विद्यापीठांनी खेळांवर नियंत्रण आणण्यासाठी १८९५-९६ मध्ये जी संघटना स्थापन केली ती आज ‘बिग टेन’ या नावाने ओळखली जाते. तिच्या मूळ औपचारिक नावात अध्यापक-प्रतिनिधींची परिषद असा उल्लेख होता. खेळांचे नियमन विद्यार्थी, माजी विद्यार्थी वा प्रशिक्षक यांनी नव्हे तर अध्यापकांनी करावे, हे त्या नावातच अभिप्रेत होते. शिकागो हे तिच्या सात संस्थापक सदस्यांपैकी एक होते.

प्रत्यक्षात शिकागोत अध्यापकांचा अधिकार मैदानाच्या कुंपणापाशी थांबत असे. स्टॅग यांचा विभाग थेट अध्यक्षांना उत्तरदायी होता. तिकिटांच्या उत्पन्नाचा व खर्चाचा व्यवहार विभागाच्या हाती होता; इतर विभागप्रमुखांना असे स्वतंत्र उत्पन्न स्वप्नातही शक्य नव्हते. शिकागोचे व्यापारी मार्शल फील्ड यांच्या जमिनीवर उभे राहिलेले क्रीडांगण वाढत गेले, १९०४ मध्ये बार्टलेट व्यायामशाळा उघडली. १९०२ पासून स्टॅग यांनी माध्यमिक शाळांच्या धावण्या-उड्यांच्या स्पर्धा विद्यापीठाच्या मैदानावर भरविण्यास प्रारंभ केला. या स्पर्धांमुळे गुणी खेळाडू आपोआप विद्यापीठाच्या आवारात येत आणि त्यांपैकी काहींचे पाय तेथेच रमत.

३० नोव्हेंबर १९०५ रोजी मिशिगनविरुद्धचा सामना झाला. फील्डिंग योस्ट यांच्या मार्गदर्शनाखाली मिशिगनचा संघ सलग ५६ सामन्यांत अपराजित होता. सुमारे २७,००० प्रेक्षकांसमोर शिकागोने तो सामना २–० असा जिंकला. मिशिगनच्या खेळाडूस चेंडूसह त्याच्याच गोलरेषेच्या मागे रोखल्याबद्दल मिळालेले ते दोन गुण होते. दोन प्रशिक्षकांतील भेदही लक्षणीय होता. योस्ट हे वकील. त्यांचे उद्योगधंदे टेनेसीत होते आणि हंगामापुरते ते मिशिगनला येत. स्टॅग हे प्राध्यापक होते.

त्याच नोव्हेंबरात ‘कॉलियर्स’ साप्ताहिकात एडवर्ड जॉर्डन यांची लेखमाला प्रसिद्ध होऊ लागली. पश्चिमेकडील विद्यापीठे विजय विकत कसे घेतात, हा तिचा विषय होता आणि तिचा पहिला रोख शिकागोवर होता. संघाचा सर्वांत प्रसिद्ध खेळाडू वॉल्टर एकरसॉल याची प्रवेशाची पात्रता व अभ्यासातील प्रगती या दोन्हींवर प्रश्नचिन्ह उभे करण्यात आले. एकरसॉलने पदवी पूर्ण केली नाही. हौशी खेळाचा आदर्श जीवनभर सांगणाऱ्या स्टॅग यांच्या विभागात हे घडले, हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत अवघड भाग होय. रॉबिन लेस्टर यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या काळाचे जे सविस्तर चित्र रेखाटले आहे, त्यावरून स्टॅग यांना ढोंगी ठरविण्याचा मोह होतो. परंतु ते निदान अपुरे वाटते. स्टॅग यांना स्वतःसाठी पैसा नको होता आणि खेळाडू पैशासाठी खेळावेत असेही त्यांना वाटत नव्हते. आपला हेतू शुद्ध आहे, म्हणून आपल्या विभागाचे हिशेब व निवडी इतरांनी तपासण्याचे कारण नाही, अशी त्यांची मनोमन खात्री असावी. सज्जन माणसाच्या हातातील निरंकुश अधिकाराचा दोष बहुधा असाच दिसतो.

१९०५ चे वर्ष या खेळाच्या दृष्टीने संकटाचे होते. वृत्तपत्रांतील आकडेवारीनुसार त्या एका हंगामात देशभर सुमारे अठरा खेळाडू मृत्युमुखी पडले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन यांच्या प्रतिनिधींना पाचारण केले होते. हंगामानंतर कोलंबिया विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. स्टॅनफर्ड व कॅलिफोर्निया रग्बीकडे वळले. शिकागोत धर्मशास्त्राचे प्राध्यापक शेलर मॅथ्यूज यांनी या खेळावर कठोर टीका केली. हार्पर त्या वेळी कर्करोगाने शय्येस खिळले होते. १० जानेवारी १९०६ रोजी, वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

१९०६ च्या प्रारंभी मिशिगनचे अध्यक्ष जेम्स एंजल यांच्या पुढाकाराने झालेल्या परिषदेने हंगामातील सामन्यांची संख्या पाचवर आणली, पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना संघाबाहेर ठेवले आणि खेळण्याची मुदत तीन वर्षांपुरती मर्यादित केली. प्रशिक्षकाची नेमणूक विद्यापीठाच्या नियमित पद्धतीने व माफक वेतनावर व्हावी, असाही नियम झाला. म्हणजे शिकागोची व्यवस्था ही आता सर्वांसाठी आदर्श ठरली. ज्या विद्यापीठावर सर्वाधिक टीका झाली त्याचीच रचना उपाय म्हणून स्वीकारली जावी, यातील विसंगती त्या वेळी कोणास खटकल्याचे दिसत नाही. मिशिगनला हे निर्बंध मानवले नाहीत. त्याने संघटना सोडली आणि १९१७ मध्येच ते परतले.

उतार

स्टॅग यांच्या संघाने १९०७, १९०८, १९१३, १९२२ व १९२४ या वर्षी संघटनेचे अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर मिळाले नाही. कारणे स्पष्ट होती. शेजारची राज्य विद्यापीठे विद्यार्थिसंख्येने कितीतरी मोठी झाली, त्यांनी भव्य क्रीडांगणे बांधली आणि शारीरिक शिक्षण व वाणिज्य यांसारखे अभ्यासक्रम सुरू केले. शिकागो विद्यापीठ मात्र संशोधन व पदव्युत्तर शिक्षणाकडे वळत होते. १९२९ मध्ये कार्नेगी प्रतिष्ठानने महाविद्यालयीन खेळांची मोठी पाहणी प्रसिद्ध केली. बहुसंख्य संस्थांत खेळाडूंना आर्थिक लाभ दिले जात असल्याचे तीत आढळले. ज्या थोड्या संस्थांबाबत असा पुरावा मिळाला नाही त्यांत शिकागो होते. १९०५ चे स्टॅग आणि १९२९ चे स्टॅग यांत हे अंतर पडले होते. दुर्दैवाने तोवर शिकागोचा संघ सामने हरू लागला होता आणि या स्वच्छतेचे कौतुक करण्यास मैदानावर फारसे कोणी उरले नव्हते.

त्याच वर्षी तीस वर्षांचे रॉबर्ट मेनार्ड हचिन्स विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. स्टॅग शिकागोत आले तेव्हा हचिन्स यांचा जन्मही झालेला नव्हता. ऑगस्ट १९३२ मध्ये स्टॅग सत्तर वर्षांचे झाले आणि विद्यापीठाने निवृत्तीच्या वयाचा नियम पुढे केला. त्यांना सल्लागाराच्या स्वरूपाचे काम देऊ करण्यात आले. ते त्यांनी नाकारले. आजीवन नेमणुकीचा अर्थ हार्पर यांच्या मनात काय होता, हे सांगण्यास हार्पर हयात नव्हते. कायम पदाने प्रशिक्षकाला पराभवापासून संरक्षण दिले, वयापासून दिले नाही. आणि ज्या अध्यापकवर्गाचे ते नावाने सदस्य होते त्या वर्गातून त्यांच्यासाठी मोठा आवाज उठला नाही. चाळीस वर्षे विभाग वेगळा ठेवल्याची ही किंमत होती असे म्हणता येईल.

हचिन्स यांनी डिसेंबर १९३८ मध्ये ‘सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट’ मध्ये महाविद्यालयीन खेळांतील पैशाच्या प्रभावाविरुद्ध एक लेख लिहिला. त्यात त्यांनी दोन उपाय सुचविले. तिकिटाचा दर दहा सेंटपर्यंत खाली आणावा आणि प्रमुख प्रशिक्षकांना अध्यापकांप्रमाणे सेवेची शाश्वती द्यावी, म्हणजे त्यांचे पद गर्दीवर नव्हे तर शिक्षक म्हणून असलेल्या योग्यतेवर अवलंबून राहील. यांतील दुसरा उपाय त्यांच्याच विद्यापीठाने ४६ वर्षांपूर्वी केला होता. पहिला मात्र कधी करून पाहिला नव्हता. तिकिटांचे उत्पन्न तसेच ठेवून केवळ पद शाश्वत केल्याने काय होते, याचा सर्वांत दीर्घ प्रयोग हचिन्स यांच्या कार्यालयाच्या खिडकीबाहेरच झाला होता.

शिकागोनंतर

स्टॅग १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातील स्टॉकटन येथील कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये प्रशिक्षक म्हणून रुजू झाले. नोव्हेंबर १९३८ मध्ये ते आपला नवा संघ घेऊन शिकागोस आले आणि स्वतःचे नाव दिलेल्या स्टॅग फील्डवर त्यांच्या संघाने शिकागोचा ३२–० असा पराभव केला. पुढील हंगाम शिकागोसाठी लाजिरवाणा ठरला. मिशिगनकडून ८५–०, हार्वर्ड व ओहायो स्टेटकडून प्रत्येकी ६१–० असे पराभव झाले. डिसेंबर १९३९ मध्ये विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, स्टॅग यांची प्रशिक्षकांच्या संघटनेने वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून निवड केली. १९४६ मध्ये त्यांनी पॅसिफिक सोडले. नंतर पेनसिल्व्हेनियातील सस्क्वेहाना विद्यापीठात ते आपल्या मुलासमवेत प्रशिक्षण देऊ लागले. काही वर्षांनी स्टॉकटनला परतून नव्वदी उलटल्यावरही ते तरुणांना चेंडूस लाथ मारण्याचे तंत्र शिकवीत राहिले. १७ मार्च १९६५ रोजी, वयाच्या १०२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावावरील ३१४ विजयांचा विक्रम १९८१ मध्ये अलाबामाच्या बेअर ब्रायंट यांनी मोडला.

शिकागोचे ते क्रीडांगण रिकामे पडले होते. त्याच्या पश्चिमेकडील प्रेक्षागृहाखालच्या बंदिस्त जागेत एन्रिको फर्मी यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी २ डिसेंबर १९४२ रोजी पहिली नियंत्रित अणुशृंखला-अभिक्रिया घडवून आणली. १९५७ मध्ये प्रेक्षागृह पाडण्यात आले. १९६९ मध्ये विद्यापीठाने फुटबॉल पुन्हा सुरू केला, तो खेळाडूंना क्रीडा-शिष्यवृत्ती न देणाऱ्या लहान महाविद्यालयांच्या पातळीवर. जुन्या मैदानाच्या जागेवर रेगेनस्टाइन ग्रंथालय बांधण्यात आले. ते १९७० मध्ये वाचकांसाठी खुले झाले.